घराच्या दुरुस्तीचा विमा

नवे घर बांधणे अवघड, पण जुने घर दुरुस्त करून घेणे त्याहून अवघड. भिंत फोडल्यावर आतून काय निघेल, सांगता येत नाही. आणि काम अर्धे टाकून ठेकेदारच निघून गेला तर? पैसेही जातात आणि घरही उघडे पडते.

आपल्याकडची कितीतरी माणसे आता ऑस्ट्रेलियात राहतात. तिथे न्यू साउथ वेल्स नावाचे राज्य आहे. सिडनी शहर त्याच राज्यात आहे. तिथे अशा प्रसंगासाठी एक विमा आहे. त्याला आधी घर-हमी विमा म्हणत. 2015 साली त्याचे नाव बदलून घरबांधणी भरपाई विमा असे ठेवले.

समजा, तुमचा पुतण्या सिडनीला आहे. त्याला स्वयंपाकघर आणि न्हाणीघर पाडून नवे करायचे आहे. ठेकेदाराने 60,000 डॉलर सांगितले. काम 20,000 डॉलरच्या वरचे असले, की तिथल्या कायद्याप्रमाणे ठेकेदाराने हा विमा उतरवलाच पाहिजे. उतरवतो ठेकेदार, पण विमा असतो घरमालकासाठी. हप्त्याचे पैसे बहुधा कामाच्या किमतीतच धरलेले असतात. म्हणजे शेवटी जातात ते पुतण्याच्याच खिशातून!

विम्याचा दाखला घरमालकाच्या हाती देण्याआधी ठेकेदाराने एक डॉलरसुद्धा घ्यायचा नाही. दाखला दिल्यावरही उचल मागायची ती दहा टक्क्यांपर्यंतच. 60,000 च्या कामाला 6,000. "थोडे आधी द्या, सामान आणतो, कागद मागाहून देतो," असे कोणी म्हणाला, तर तिथेच थांबावे. दाखल्यावरचे नाव आणि घराचा पत्ता वाचून पाहावा. दाखला खरा की खोटा, हेही सरकारी नोंदीत तपासता येते.

आता फोनवर काकू पुतण्याला विचारतील, "म्हणजे फरशी वाकडी बसली, की विमावाले पैसे देणार होय रे?"

"नाही काकू. फरशी वाकडी बसली तर ती ठेकेदारानेच नीट करून द्यायची."

इथेच पुष्कळांची फसगत होते. विमा म्हटले, की कसलेही नुकसान भरून मिळेल असे वाटते. तसे नाही. घराला मोठा दोष निघाला तर 6 वर्षे आणि बारीकसारीक दोषाला 2 वर्षे, ही जबाबदारी ठेकेदाराची. विमा कामाला येतो तो ठेकेदार मेला, बेपत्ता झाला किंवा त्याचे दिवाळे निघाले तर. न्यायाधिकरणाने भरायला सांगितलेले पैसे न भरल्यामुळे त्याचा परवाना स्थगित झाला, तरीही विमा मागता येतो.

भरपाईलाही मर्यादा आहे. एका घरामागे जास्तीत जास्त 3,40,000 डॉलर. त्यातही अर्धवट राहिलेल्या कामाबद्दल ठरलेल्या किमतीच्या वीस टक्क्यांपर्यंतच. आता हिशेब करून पाहा. काम झाले 20,000 चे आणि पुतण्या देऊन बसला 50,000. ठेकेदाराचे दिवाळे निघाले. गेले 30,000, आणि मिळणार फार तर 12,000. विमा असूनसुद्धा 18,000 चा खड्डा! म्हणून जेवढे काम पुरे होईल तेवढेच पैसे द्यावेत.

विमा कंपनीही बुडू शकते बरं का. 2001 साली तिथली एचआयएच ही मोठी विमा कंपनीच बुडाली. घरमालक आणि ठेकेदार दोघेही अडचणीत आले. पुढे बाकीच्या खाजगी कंपन्याही या धंद्यातून निघून गेल्या. मग 2010 पासून हा विमा राज्य सरकारने आपल्या हाती घेतला.

काकू म्हणतील, "आपल्याकडे आहे का असं काही?"

दुरुस्तीच्या कामाला असा सक्तीचा विमा आपल्याकडे नाही. बिल्डरकडून नवी सदनिका घेतली, तर 2016 च्या रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामात दोष निघाल्यास बिल्डरने तो फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. पण घर दुरुस्तीला तुम्ही लावलेल्या गवंड्याला हा नियम लागू नाही. त्याने पैसे घेऊन काम बिघडवले, तर 2 वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. वकील लावलाच पाहिजे असे नाही. मात्र काय काम ठरले, किती पैशांत ठरले आणि कधी किती दिले, याचा सही केलेला कागद जवळ हवा. तो कागद कामाला हात लावण्याआधीच करून घ्यावा. भिंत पाडल्यावर गवंडी सही करायला टाळाटाळ करतो.