आठवड्याची पुडी रोज घेऊं नये

नत्रखत बेताचें पडलें तर पीक जोमदार येतें. फाजील पडलें तर तेंच पीक माजतें, लोळतें आणि दाणा हलका राहतो. हें आमच्या शेतकरी बंधूंस सांगावयास नको. औषधाच्या बाबतींत मात्र हा अनुभव आपण विसरतों.

हाडें दुखूं लागलीं, थकवा आला कीं ‘ड’ जीवनसत्त्व घेण्याची चाल आतां खेडोपाडीं पोंचली आहे. या जीवनसत्त्वाची उणीव पुष्कळांस असते व त्यावर हा उपायहि योग्य आहे. आमचें सांगणें केवळ मात्रेविषयीं आहे.

प्रौढ मनुष्यास दररोज सुमारें ६०० आंतरराष्ट्रीय एककें पुरतात. डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून ४,००० च्या पलीकडे जाऊं नये, असें तज्ज्ञांचें मत आहे. दुकानांत मिळणाऱ्या पुडींत बहुधा ६०,००० एककें असतात, म्हणजे शंभर दिवसांची गरज! म्हणूनच ती आठवड्यास एक, आणि तीहि ठराविक आठवडेच देतात. शक्तीचें औषध समजून कोणी ती रोज घेतली, तर सात दिवसांत ४,२०,००० एककें पोटांत जातात.

‘क’ जीवनसत्त्व पाण्यांत विरघळतें व जास्त झालेलें बहुतेक लघवीवाटें निघून जातें. ‘ड’ चरबींत सांठतें आणि कित्येक महिने टिकतें. सांठा अतोनात झाला म्हणजे रक्तांतील कॅल्शियम वाढतें. मग भूक मंदावते, ओकाऱ्या होतात, शौचास साफ होत नाहीं, तहान व लघवी वाढते; शेवटीं मूत्रपिंडें निकामी होण्यापर्यंत मजल जाते. कांहीं देशांत उंदीर मारण्याच्या औषधांत हेंच द्रव्य घालतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून ब्रिटनमध्यें तान्ह्या मुलांच्या दूधभुकटींत व पिठांत हें जीवनसत्त्व मिसळीत असत. पुढें कांहीं मुलांच्या रक्तांत कॅल्शियम वाढलेलें आढळलें, तेव्हां १९५७ सालीं तें प्रमाण कमी करण्यांत आलें. हेतु चांगला असला तरी माप चुकून चालत नाहीं.

उन्हानें मात्र अशी बाधा होत नाहीं. जरुरीपेक्षां जास्त झालेलें त्वचाच मोडून टाकते.

तेव्हां आमची विनंति इतकीच कीं, शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर पुडी आणूं नये. पूर्वीं इंजेक्शन घेतलें असल्यास डॉक्टरांस अवश्य सांगावें. बाजाराचा वार हाच पुडीचा वार ठरवावा, आणि शेवटची पुडी केव्हां, तें दिनदर्शिकेवर लिहून ठेवावें. मुलांस व वृद्धांस पुडी घरांतील जाणत्या माणसानें स्वतःच्या हातानें द्यावी. वरील लक्षणें दिसतांच औषध बंद करून, रिकामें पाकीट बरोबर घेऊन, तत्काळ दवाखाना गांठावा.