पुळण सरकारची, पण वाट कुणाची? समुद्रावर जाण्याच्या हक्काबद्दल कायदा काय सांगतो

पूर्णगड : मुचकुंदीच्या मुखावर वसलेल्या पूर्णगडात समुद्रावर जायचं म्हणजे पाखाडी उतरायची, दोन गडग्यांमधून वाट काढायची आणि पुळणीवर पोहोचायचं. होडी ओढायला, जाळी सुकवायला, चतुर्थीला गणपती पोहोचवायला आणि संध्याकाळी नुसतं पाय मोकळे करायला लोक अशाच वाटांनी जातात. वर किल्ला, खाली खाडी, पुलापलीकडे गावखडीचं सुरूबन, त्यामुळे पावसहून पुढे येणारे पर्यटकही हल्ली इथे थांबतात.

कोकण किनाऱ्यावर समुद्रालगतच्या जमिनींना भाव आला, तसा एक प्रश्न गावोगावी पुढे येतो आहे. जमीन विकली गेली, नव्या मालकाने कंपाउंड घातलं, तर समुद्रावर जाणारी वाट राहते की जाते?

समुद्रकिनारा कुणाच्या मालकीचा?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 नुसार भरतीरेषेखालचा समुद्राचा, बंदराचा आणि खाडीचा तळ राज्य सरकारच्या मालकीचा आहे. म्हणजे भरतीचं पाणी जिथवर येतं, तिथवरची पुळण कुणाच्याही सातबारावर चढत नाही. सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि पायवाटाही याच कलमात येतात.

सुप्रीम कोर्टाने कमलनाथ प्रकरणात याच्याही पुढे जाऊन सांगितलं की समुद्रकिनारा, वाहतं पाणी, हवा आणि जंगल यांचं सरकार फक्त विश्वस्त आहे. 1996 च्या डिसेंबरमधला हा निकाल आहे. विश्वस्ताने लोकांची वस्तू एखाद्या खासगी माणसाच्या फायद्यासाठी देऊन टाकायची नसते.

मग अडचण कुठे येते?

अडचण पुळणीवर नाही, तिच्या मागच्या जमिनीवर आहे. भरतीरेषेच्या वरची माडाची, आंब्याची किंवा पडीक जागा बहुतेक ठिकाणी खासगी असते. सीआरझेडच्या नियमांमुळे ग्रामीण भागात भरतीरेषेपासून ठरावीक अंतरात बांधकामाला बंदी असते. दाट वस्ती नसलेल्या गावांत हे अंतर साधारण 200 मीटर आहे. त्यामुळे अनेकांचा समज होतो की 200 मीटरपर्यंतची जागा सरकारी. तसं नाही. बांधकामाला बंदी असली तरी मालकी मालकाचीच राहते.

कुंपण घालता येतं का?

येतं, पण अटीवर. सीआरझेडच्या 2011 च्या अधिसूचनेत किनाऱ्यावरील रिसॉर्टसाठी मार्गदर्शक नियम आहेत. त्यात खासगी मालमत्तेभोवती झाडांचं किंवा वेलींनी झाकलेलं काटेरी तारेचं कुंपण चालतं, मात्र त्याने लोकांचा समुद्रावर जाण्याचा मार्ग कोणत्याही प्रकारे अडता कामा नये, असं स्पष्ट म्हटलं आहे. दोन हॉटेल किंवा रिसॉर्टमध्ये लोकांना जाण्यासाठी किमान 20 मीटर रुंद मोकळी जागा सोडायची, असाही नियम आहे.

इथे एक मेख आहे. 20 मीटरची अट हॉटेल आणि रिसॉर्टसाठी आहे. साध्या बंगल्याला किंवा फार्महाऊसला ती थेट लागू होत नाही. गावाने जुनी वाट सिद्ध करणं म्हणूनच महत्त्वाचं ठरतं.

गोव्यात काय झालं?

दोना पावलाजवळच्या वाइंगिणी किनाऱ्याचं प्रकरण या बाबतीत वाचण्यासारखं आहे. फोमेन्तो कंपनीच्या हॉटेलासाठी सरकारने जमीन संपादित करून दिली, तेव्हा 1983 च्या करारात किनाऱ्यावर जाणारी वाट लोकांसाठी खुली ठेवण्याची अट होती. पुढे त्या जागेत बांधकाम झालं आणि वाद कोर्टात गेला. हायकोर्टाने 2000 मध्ये लोकांच्या बाजूने निकाल दिला. जानेवारी 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायम केला आणि वाट अडवणारं बांधकाम पाडायला सांगितलं. त्यानंतर गोवा सरकारने भूसंपादन कायद्यातच दुरुस्ती केली आणि वाद पुन्हा कोर्टात गेला. धडा सरळ आहे : कागदावरची अट कोर्टात टिकते, पण बांधकाम उभं राहिल्यावर ते हटवणं महाकठीण.

वाट अडली तर काय करायचं?

पहिलं काम कागद गोळा करण्याचं. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल घ्यावी, त्यावर गाडीवाट, पायवाट तुटक रेषांनी दाखवलेली असते. सातबाराच्या इतर हक्कात वाटेची नोंद आहे का, तेही पाहावं. वाट ग्रामपंचायतीकडे नोंदलेली असेल तर अडथळा काढण्याचा अधिकार पंचायतीला कायद्याच्या कलम 53 ने दिलेला आहे.

वाट शेतीकडे, गुरांच्या चरणीकडे किंवा मासेमारीच्या जागेकडे जात असेल, तर मामलेदार कोर्ट कायदा, 1906 खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. मात्र तो अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. ‘बघू गणपतीनंतर’ म्हणत बसलं की मुदत निघून जाते. फक्त फिरायला जाणाऱ्याला या कायद्याचा आधार नाही, मासेमाराला आहे. म्हणजे मासेमारांची वाट टिकली, तर फिरणाऱ्यांचीही टिकते.

मुदत टळली तरी दिवाणी कोर्ट आहे. खासगी जमिनीतून 20 वर्षं उघडपणे आणि अखंड वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा हक्क सांगता येतो. गावाच्या रूढीने चालत आलेली वाटही कायदा मानतो.

सीआरझेडचा भंग वाटत असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय किनारा समितीकडे लेखी तक्रार द्यावी. या समितीत मासेमारांसह स्थानिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असावेत, असा नियम आहे.

हक्काबरोबर थोडी जबाबदारीही

समुद्रावर जाण्याचा हक्क म्हणजे पुळणीवर गाडी घालण्याचा हक्क नव्हे. गावखडीच्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. चाकाखाली घरटी दबतात, दिव्यांनी पिल्लं वाट चुकतात. बाटल्या आणि प्लास्टिक टाकून जाणाऱ्यांमुळे तर मालकाला वाट बंद करायला आयतं कारण मिळतं.

पाखाडी अजून चालू आहे तोवरच तिची नोंद करून घेणं सोपं. पुढच्या ग्रामसभेत समुद्रावर जाणाऱ्या वाटांची यादी ठरावात घेतली, तर गावाच्या हातात निदान एक कागद राहील.