गिटारसाठी घरगुती फझ-डिले पेडल : विरूपण, प्रतिध्वनी आणि त्यांचा क्रम

इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासक्रमात विरूपण हा प्रवर्धकाचा दोष मानला जातो. संदेशाचा आकार न बदलता केवळ आयाम वाढविणे हे चांगल्या प्रवर्धकाचे लक्षण होय. इलेक्ट्रिक गिटारच्या क्षेत्रात मात्र हाच दोष साठ वर्षांहून अधिक काळ हेतुपुरस्सर निर्माण केला जात आहे. त्याचा एक आरंभ बिघाडातून झाला. मार्टी रॉबिन्स यांच्या १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डोन्ट वरी’ या गीताच्या नॅशव्हिल येथील ध्वनिमुद्रणात मिश्रणयंत्राची एक वाहिनी नादुरुस्त झाली आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा स्वर फाटल्यासारखा उमटला. तो तसाच राखण्यात आला. पुढे ध्वनिमुद्रण अभियंता ग्लेन स्नॉडी यांच्या प्रयत्नांतून तोच परिणाम ट्रान्झिस्टरद्वारे साधणारा परिपथ सिद्ध झाला व १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने तो ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणला.

घरी पेडल बांधू इच्छिणाऱ्यास १९६६ मध्ये लंडनमध्ये निघालेल्या ‘फझ फेस’चा परिपथ अधिक सोयीचा आहे. दोन ट्रान्झिस्टर, चार रोध, तीन कपॅसिटर, दोन फिरते रोध आणि ९ व्होल्टची बॅटरी, एवढाच त्याचा संसार. पहिला ट्रान्झिस्टर गिटारचा क्षीण संदेश वाढवितो. दुसरा तो इतका वाढवू पाहतो की बॅटरीचा दाब अपुरा पडतो आणि तरंगांचे माथे सपाट कापले जातात. या कापण्यातून मूळ वारंवारतेच्या पटीतील नव्या वारंवारता जन्म घेतात. कानाला जाणवणारी खरखर ती हीच.

मूळ पेडलमध्ये जर्मेनियमचे पीएनपी ट्रान्झिस्टर होते. त्यांची गळती तापमानानुसार बदलते, शिवाय त्यांच्या परिपथात बॅटरीचे धन टोक भूमीला जोडलेले असते. डिलेच्या भागात ऋण टोक भूमीला असते. दोहोंना एकच बॅटरी थेट जोडल्यास ती लघुपथित होण्याचा धोका असतो. म्हणून महाविद्यालयीन प्रयोगशाळेत सहज आढळणारा बीसी ५४७ हा सिलिकॉन एनपीएन ट्रान्झिस्टर घेणे इष्ट. मात्र एकाच पाकिटातील दोन बीसी ५४७ सारखे वर्धन देतीलच असे नाही. यास्तव दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरील स्थिर रोधाऐवजी जुळवणीचा रोध बसवून तेथील दाब सुमारे ४.५ व्होल्टवर आणावा. हा दाब फार ढळल्यास स्वर विरत जाण्याऐवजी तुटक होऊन अकस्मात थांबतो. (काही वादकांना नेमके तेच हवे असते, ही गोष्ट वेगळी.) सिलिकॉनचे असे परिपथ कधीकधी आकाशवाणीचे कार्यक्रमही ऐकवितात, पेटी धातूची असावी ती यासाठी.

डिलेचा भाग पीटी २३९९ या सोळा पायांच्या चकतीवर उभारता येतो. तैवानच्या प्रिन्स्टन टेक्नॉलॉजी कंपनीची ही चकती मुळात कराओके यंत्रांतील प्रतिध्वनीसाठी योजलेली आहे. ती संदेशाचे अंकीय रूपांतर करून ४४ किलोबिटच्या स्मृतीत साठविते आणि काही काळाने बाहेर सोडते. तिला ५ व्होल्ट लागतात, म्हणून ७८एल०५ नियामक आवश्यक ठरतो. सहाव्या पायाचा भूमीशी असलेला रोध वाढविला की घड्याळ मंदावते व विलंब वाढतो. तो सुमारे ३० ते ३४० मिलिसेकंदांपर्यंत नेता येतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरल्यास ३४० मिलिसेकंद म्हणजे साधारण ५८ मीटरवरील भिंतीवरून परतलेला आवाज. स्मृती तेवढीच राहते, त्यामुळे विलंब वाढवावा तसा आवाज मळकट होत जातो. चालू करतेवेळी हा रोध फारच कमी असल्यास चकती अडकून बसते; म्हणून फिरत्या रोधासोबत एकदोन किलोओहमचा स्थिर रोध कायम ठेवावा. बाहेर पडलेल्या संदेशाचा काही अंश पुन्हा आत दिला की प्रतिध्वनींची मालिका तयार होते. हे प्रत्याभरण एकपटीहून अधिक झाले तर मालिका विरत नाही, उलट चढत जाऊन कर्कश होते.

आता प्रश्न उरतो क्रमाचा, आणि खरी मेख येथेच आहे. आदर्श डिले हा रेषीय परिपथ आहे: दोन स्वर एकत्र दिले तर दोन्हींचे प्रतिध्वनी स्वतंत्रपणे मिळतात. फझ रेषीय नाही. त्यात २२० व ३३० हर्ट्झचे स्वर एकत्र शिरले की ११० हर्ट्झचा फरकस्वरही निघतो. तो खालच्या सप्तकातील असल्याने जुळून जातो. परंतु २२० व २७७ हर्ट्झच्या जोडीतून ५७ हर्ट्झचा, कोणाशीच न जुळणारा स्वर निघतो. डिले आधी व फझ नंतर ठेवल्यास मागील स्वराचा प्रतिध्वनी आणि नवा स्वर एकत्रच कापले जातात आणि असे उपरे स्वर पदोपदी निर्माण होतात. शिवाय वादन चालू असताना क्षीण प्रतिध्वनी दबतो आणि हात थांबताच फझच्या प्रचंड वर्धनामुळे जवळजवळ मूळ स्वराइतकाच उसळून येतो. फझ आधी ठेवल्यास प्रत्येक प्रतिध्वनी हा कापलेल्या स्वराचीच, क्रमाने विरणारी प्रत असतो. दुसरे कारण विद्युतीय आहे: या फझचा आदान रोध कमी असल्याने तो गिटारला थेट जोडला असता गिटारवरील ध्वनिनियंत्रक किंचित उतरविताच स्वर निवळतो. मध्ये दुसरा परिपथ आल्यास हा गुण हरवतो.

फझमधून निघणारा संदेश पीटी २३९९ ला सहज जड होतो. तेव्हा दोहोंच्या मध्ये फझचा ध्वनिनियंत्रक ठेवून, जुळवणी करताना तो शून्यापासून हळूहळू वाढवावा आणि प्रतिध्वनीत मूळ स्वरात नसलेली चरचर ऐकू येताच थोडा मागे घ्यावा.