रडर, एलरॉन आणि विमानाचा वेग

जेट प्रवासी विमान एका बाजूला कलवायचे असेल तर वैमानिक पंखांच्या टोकांजवळचे एलरॉन आणि पंखांवरचे स्पॉयलर वापरतो. शेपटीवरच्या उभ्या रडरचे काम नाक डावी-उजवीकडे वळवण्याचे. पण रडर पूर्ण डावीकडे गेला की नाक डावीकडे वळते आणि समोरची हवा उजवीकडून तिरकी येऊ लागते. पंख मागे झुकलेले असल्यामुळे उजव्या पंखाला ती अधिक सरळ भिडते. त्याची उचल वाढते, डाव्याची घटते आणि विमान डावीकडे कलंडते.

हे कलंडणे एलरॉनने रोखता येते का, याचे उत्तर वेगावर अवलंबून असते. वेग भरपूर असेल तर हवेच्या दाबामुळे हायड्रॉलिक यंत्रणेला रडर पूर्ण वळवता येत नाही, म्हणून त्याचा परिणाम मर्यादित राहतो. वेग उतरला की तोच रडर जास्त वळतो. शिवाय कमी वेगात तेवढीच उचल मिळवण्यासाठी पंख हवेशी मोठा कोन करतो, आणि हा कोन वाढला की तिरक्या हवेने होणारे कलंडणेही वाढते. एका ठरावीक वेगाला रडरमुळे कलंडवणारे बळ आणि एलरॉनचे बळ बरोबरीत येतात. या वेगाला क्रॉसओव्हर वेग म्हणतात. त्याखाली एलरॉन पूर्ण वळवूनही विमान सरळ होत नाही.

८ सप्टेंबर १९९४ रोजी यूएसएअरचे उड्डाण ४२७, बोइंग ७३७-३००, पिट्सबर्गजवळ उतरण्याच्या तयारीत होते. पुढच्या विमानाच्या भोवऱ्यातून जाताना ते हलले आणि रडर पूर्ण डावीकडे गेला. वेग सुमारे १९० नॉट होता. नंतरच्या चाचण्यांत त्या फ्लॅप-स्थितीतला क्रॉसओव्हर वेग १८७ नॉट निघाला, म्हणजे हाताशी जेमतेम ३ नॉट होते. वैमानिकांनी दांडा मागे ओढून धरला. घाबरलेल्या क्षणी हे अगदी स्वाभाविक, पण त्यामुळे पंखाचा कोन वाढला आणि क्रॉसओव्हर वेग आणखी वर गेला. नाक खाली सोडून वेग घेणे हाच बचावाचा मार्ग होता, आणि तो त्यांना कोणी शिकवलेला नव्हता. १३२ जण मरण पावले.

१९९६ मध्ये रिचमंडजवळ ईस्टविंडच्या ७३७ चा रडरही असाच अचानक वळला. त्या विमानाचा वेग सुमारे २५० नॉट होता. ते सुखरूप उतरले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने (एनटीएसबी) १९९९ मध्ये ४२७ चे कारण जाहीर केले: रडर हलवणाऱ्या यंत्रणेतला सर्व्हो व्हॉल्व्ह अडकल्याने रडर वैमानिकाने दाबलेल्या पेडलच्या उलट दिशेला गेला असण्याची शक्यता सर्वाधिक. १९९१ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला पडलेल्या युनायटेड ५८५ च्या अपघाताचेही हेच संभाव्य कारण मंडळाने २००१ मध्ये नोंदवले. पुढे वैमानिकांच्या प्रशिक्षणात क्रॉसओव्हर वेगाचा समावेश झाला, आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने (एफएए) ७३७ ची रडर-नियंत्रण यंत्रणा बदलण्याचा आदेश दिला.