काटा मध्यावर, तरीही इंजिन तापलेले

आखातातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा मोटारीच्या इंजिनाची भिस्त दोन गोष्टींवर असते: कूलंट आणि त्याचे तापमान मोजणारा बोटाएवढा सेन्सर.

या सेन्सरच्या टोकात थर्मिस्टर हा अर्धवाहक घटक असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध घटतो. अनेक मोटारींत २० अंशांना सुमारे २,५०० ओहम असलेला रोध १०० अंशांना २०० ओहमच्या आसपास उतरतो. इंजिनाचा नियंत्रक संगणक ५ व्होल्टचा दाब देऊन या बदलावरून तापमान ओळखतो आणि त्यानुसार इंधनाचे प्रमाण, ठिणगीची वेळ व पंख्याची गती ठरवतो. वायर तुटल्यास संगणकाला इंजिन उणे ४० अंशांवर असल्याचे भासते. अशा वेळी तो दोषाची नोंद करून इशाऱ्याचा दिवा लावतो आणि पुष्कळ गाड्यांत पंखा अखंड चालू ठेवतो.

खरा धोका मात्र दिवा न लागता उद्भवतो. गळतीमुळे कूलंटची पातळी घसरली, तर सेन्सरचे टोक द्रवाबाहेर हवेत उघडे पडते. हवेतून उष्णता त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. परिणामी इंजिन तापत असतानाही आकडा कमी दिसू शकतो. त्यातच अनेक आधुनिक गाड्यांतील काटा तापमानाच्या बऱ्याच मोठ्या टप्प्यात मध्यावरच स्थिर राहील, अशी योजना असते. म्हणून केवळ काट्यावर विसंबू नये. वातानुकूलनाचा गारवा अकस्मात ओसरला, गोडसर वास आला किंवा बॉनेटखालून वाफ निघाली, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे.

देखभाल साधी आहे. इंजिन थंड असताना कूलंटची पातळी महिन्यातून एकदा पाहावी. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारचेच कूलंट वापरावे. नुसत्या नळाच्या पाण्याने आत क्षार साचतात, गंज चढतो आणि सेन्सरच्या टोकावर पुटे बसतात. सेन्सरच्या जोडणीवरील हिरवट गंज वेळीच साफ करून घ्यावा. सेन्सर बदलल्यावर प्रणालीत अडकलेली हवा काढली की नाही, हेही विचारावे.

दोषाची नोंद झाली म्हणजे सेन्सरच बिघडला, असे मात्र नव्हे. वायर, थर्मोस्टॅट आणि कूलंटची पातळी तपासल्यानंतरच नव्या सेन्सरचा खर्च करावा.