रेषेवरचा चेंडू

बेसबॉलच्या मैदानावर होम प्लेटपासून दोन पांढऱ्या रेषा काटकोनात निघतात. त्यांच्या आतील चेंडू फेअर, बाहेरील फाउल. रेषा मात्र आतच गणली जाते. तिला शिवलेला चेंडू फेअर. रेषांच्या टोकांवरील उंच खांबांनाही हाच न्याय, जरी त्यांचे नाव ‘फाउल पोल’ असे उलटेच पडले आहे!

पंच चेंडू कोठे आहे ते पाहतो, क्षेत्ररक्षकाचे पाय नव्हे. फाउल असल्यास तो हात उंचावून मोठ्याने पुकारतो. फेअर असल्यास अवाक्षर न काढता आतील बाजूस हात दाखवितो. कारण फाउल म्हणताच खेळ थांबतो, आणि थांबलेला खेळ पुन्हा मागे नेणे दुष्कर.

९ ऑक्टोबर २००९ रोजी न्यूयॉर्क येथे हेच घडले. यांकीजविरुद्ध अकराव्या डावात मिनेसोटा ट्विन्सच्या जो माउअरने टोलविलेला चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातमोज्यास लागून रेषेच्या आत पडला. बाद फेरीत मैदानाच्या मागील भागातील रेषांसाठी जादा पंच नेमतात. तसा पंच अगदी जवळ उभा होता. त्याने फाउल दिला. माउअरची दोन बेस हुकली. पुढे त्याला एक मिळाली, तिन्ही बेस भरल्या, परंतु धाव झाली नाही. ट्विन्स ४-३ असे हरले. पंचप्रमुखांनी सामन्यानंतर चूक मान्य केली.

तेव्हा चित्रफितीचा आधार होमरनपुरताच होता. २०१४ मध्ये तो अशा चेंडूंनाही मिळाला. बेसवरील पंचाच्या अलीकडे पडणारा चेंडू मात्र त्यातून वगळला गेला.