किडनीत वण पडतो म्हणजे नेमकं काय होतं?

दिघीत राहून भोसरी किंवा चाकणला शिफ्टला जाणाऱ्यांच्या हातावर पत्र्याने कापल्याचे जुने वण हमखास दिसतात. कंपनीच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं आलं आणि ‘मला काहीच त्रास नाही, मग हे कुठून आलं?’ असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर आधी हातावरचा तो वण आठवा.

जखम झाली की शरीर टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन सोडतं. हा दुरुस्तीचा निरोप असतो. तो मिळताच फायब्रोब्लास्ट पेशी रूप बदलतात आणि कोलॅजेनचे चिवट धागे विणू लागतात. जखम भरली की निरोप थांबतो, विणकामही थांबतं.

किडनीत मात्र जखम भरतच नाही, कारण वाढलेली साखर आणि रक्तदाब रोजच्या रोज तिला इजा करत असतात. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्या खराब झाल्या की प्रथिनं लघवीत गळतात, पुढच्या नळ्यांतल्या पेशींना त्यांचा त्रास होतो आणि त्याही तोच निरोप पाठवतात. कोलॅजेन साचतं, बारीक रक्तवाहिन्या दबतात, प्राणवायू कमी पडतो आणि नवी इजा होते. उरलेल्या गाळण्यांवर जास्तीचा भार येतो, मग त्याही थकतात. यात कुठेही दुखत नाही. क्रिएटिनिन वाढेपर्यंत बहुधा निम्मी क्षमता गेलेली असते, म्हणून मधुमेह किंवा बीपी असेल तर वर्षातून एकदा लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणीही (यूएसीआर) करून घ्या. ३० च्या आत असेल तर ठीक.

पडलेला वण सहसा पुसता येत नाही, पण निरोपाचा आवाज कमी करता येतो. अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक गाळणीतला दाब वाढवतं आणि टीजीएफ-बीटालाही चिथावतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल ही औषधं त्यालाच अडवतात. म्हणूनच ‘बीपी आता नॉर्मल आहे’ म्हणून ती गोळी सोडू नका. सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वाढतं, कारण गाळणीतला दाब उतरलेला असतो. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ बहुतेकदा चालते. मात्र दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायलाच हवं. जुलाब-उलट्या होत असतील किंवा गर्भधारणेचा विचार असेल, तर लगेच डॉक्टरांशी बोला.

डापाग्लिफ्लोझिन ही मूळची मधुमेहाची गोळी. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मधुमेह नसलेल्या किडनीच्या रुग्णांनाही तिचा फायदा दिसला. ‘मला शुगर नाही, मग शुगरची गोळी कशाला?’ असं घरचे विचारतात, त्याचं उत्तर हे.

आणि एक. नाईट शिफ्टनंतर कंबर धरते म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक किडनीचा रक्तपुरवठा कमी करते. पुढच्या भेटीला ती स्ट्रिपही सोबत आणा. आम्ही रागावणार नाही.